गप बसवनारी बाय

चहा प्यायल्यावर अर्धा तास प्रेशर मोजायचं नाही, हा मॅडमचा नियम. आलेल्या माणसाला चहा दिल्याशिवाय सोडायचं नाही आणि त्याच्यासोबत आपणही घोटभर घ्यायचा, हा तळवली गावाचा. मी कामाला लागले त्या पहिल्या महिन्यात या दोन नियमांची रोज गाठ पडायची. घरातली बाई कप घेऊन बाहेर आली की मॅडम हात जोडून म्हणायच्या, "मोजून झाल्यावर. तेव्हा दोन कप द्या." आणि खरंच मोजून झाल्यावर दोन कप प्यायच्या. साखर कमी घाला, असंही कधी म्हणायच्या नाहीत. शुगरच्या अभ्यासाला आलेल्या डॉक्टरीणबाईने साखर नाकारली की समोरची बाई आपला साखरेचा डबा लपवते, असं त्यांचं म्हणणं होतं. बाई काय खाते ते तिने न लाजता सांगायला हवं, नाहीतर आपण इतकी वर्षं दारोदार फिरून उपयोग काय.

मी तेव्हा चोवीस वर्षांची होते. साताऱ्याकडून येऊन घणसोलीत मावशीकडे राहत होते आणि बी.एस्सी.नंतर मिळालेली ही पहिलीच नोकरी होती. नेरूळमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचं ऑफिस. तिथून आम्ही पाच जणी गावागावांत जायचो आणि लोकांचं प्रेशर, शुगर, वजन, कमरेचा घेर लिहून आणायचो. शहर वसवायला ज्या गावांच्या जमिनी गेल्या, तिथली माणसं एका पिढीत भातशेती आणि मिठागरं सोडून चाळींचे मालक, दुकानदार, नोकरदार झाली. शरीराने हा बदल कसा घेतला, हे मॅडमना पाहायचं होतं. तीच माणसं, दर वर्षी, त्याच मोजमापांनी. मी लागले तेव्हा या अभ्यासाला नऊ वर्षं झाली होती.

पुष्कळांना वाटायचं, हिच्या घरचं कोणीतरी हृदयविकाराने गेलं असणार, त्याशिवाय बाई इतकी मागे लागायची नाही. तसं मी एकदा विचारलंही. त्या म्हणाल्या, वडील पंच्याण्णव वर्षांचे होऊन गेले, आई अजून आहे, दोघांनाही कधी गोळी लागली नाही. मग म्हणाल्या, "सगळ्याला कारण घरातच असावं लागतं का?"

गेल्या वर्षी त्या गेल्या. शोकसभेत त्यांच्याबद्दल चार शब्द बोला, असं मला सांगितलं होतं, पण मला तिथे बोलता आलं नाही. म्हणून हे लिहायला घेतलं आहे.

त्यांची मोजण्याची रीत अशी. माणसाने खुर्चीला पाठ टेकून बसायचं. पाय जमिनीला सपाट लागलेले, एकावर एक टाकलेले नकोत. हात छातीच्या उंचीला टेकवलेला. टीव्ही बंद, मोबाईल दुसऱ्या खोलीत. आणि मग पाच मिनिटं कोणीही बोलायचं नाही. मोजणारीनेही नाही. ही पाच मिनिटं त्या घड्याळ लावून पाळायच्या. मध्ये कोणी "अगं, दूध उतू जातंय" म्हणालं, की दूध उतरवून यायचं आणि पाच मिनिटं पुन्हा पहिल्यापासून. त्यानंतर तीन वेळा मोजायचं आणि पहिला आकडा धरायचा नाही.

बुटक्या बायकांचे पाय खुर्चीवरून लोंबकळतात आणि त्याने आकडा चढतो, म्हणून त्यांनी एक लाकडी पाट बनवून घेतला होता. तो काखेत धरून साठीची ही बाई ठाणे-बेलापूर रस्ता ओलांडायची. दंड जाड असेल त्याच्यासाठी मोठा पट्टा वेगळ्या पिशवीत असायचा. "जाड" हा शब्द मात्र त्यांनी कोणासमोर उच्चारलेला मी ऐकला नाही. "यांना दुसरा पट्टा द्या," एवढंच.

गावात त्यांचं नाव पडलं होतं गप बसवनारी बाय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आलं. मग एकदा एका सुनेचं प्रेशर घेताना ती पाच मिनिटं होता होता रडायला लागली. मी घाबरले. मॅडमनी हाताने मला थांब म्हणून खुणावलं आणि तशाच बसून राहिल्या. शांत झाल्यावर ती सून म्हणाली की काही झालेलं नाही, नुसतं बसायला मिळालं म्हणून रडू आलं. वर्षातून एकदा पाच मिनिटं कोणी काही मागत नाही, असं ती म्हणाली. त्या दिवशी तिचा आकडा आम्ही लिहिला नाही. रडल्यावर प्रेशर खरं नसतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो.

आमच्या ऑफिसच्या सोसायटीने मात्र मॅडमवर रागच धरला होता. त्याचं कारण बोंबील. प्रेशरवाल्यांनी सुकी मासळी खाऊ नये, असं सगळे डॉक्टर सांगतात आणि खाडीकाठच्या गावात ते कोणी ऐकत नाही. मॅडम म्हणाल्या, नको म्हणायच्या आधी त्यात मीठ किती ते बघू. त्यांनी सुके बोंबील, जवळा, सुकट आणून ऑफिसमध्ये पातेल्यांत भिजत घातलं आणि दर पाण्यागणिक किती मीठ उतरतं ते तपासायला पाठवलं. आठवडाभर वास वरच्या मजल्यापर्यंत गेला. सेक्रेटरी लेखी तक्रार घेऊन आले. मॅडमनी ती शांतपणे वाचली, तक्रार खरी आहे असं त्याखाली लिहून सही केली आणि अजून तीन दिवस लागतील असं सांगितलं. त्यानंतर गावातल्या बायकांना त्या मासळी सोडा असं कधीच म्हणाल्या नाहीत. दोन पाण्यांतून काढा, एवढंच सांगत. ते बायकांनी ऐकलं.

अभ्यासातलं कोणी वारलं की त्या स्वतः घरी जायच्या. मृत्यूचं कारण लिहून घेण्याचा एक फॉर्म असायचा, तो पहिल्या भेटीत पिशवीतून बाहेर काढायचा नाही. नुसतं जाऊन बसायचं. फॉर्म महिन्याने. आणि एखादी बाई पत्ता बदलून गेली, सापडेना झाली, तर तिच्यापुढे "संपर्क तुटला" असं लिहायची आम्हाला बंदी होती. "आपण शोधलं नाही" असं लिहायचं. दर सोमवारच्या बैठकीत ती यादी मोठ्याने वाचली जायची आणि ज्यांच्या हद्दीतली नावं असतील त्या आम्ही माना खाली घालून ऐकायचो.

तर अशा बाईच्या हाताखाली मी खोटे आकडे लिहिले.

तिसऱ्या वर्षाच्या मे महिन्यातली गोष्ट. तळवलीतल्या हिराबाय माझ्या हद्दीत होत्या. वय पन्नाशीच्या पुढे, नवरा नाही, बोलायला मोकळ्या. आदल्या वर्षी त्यांची शुगर बरीच जास्त निघाली होती, तेव्हा आम्ही दवाखान्याची चिठ्ठी दिली होती आणि गोळ्या सुरू झाल्या होत्या. या वर्षी मी गेले तर दाराला कुलूप. शेजारी कळलं की मुलगी बाळंत झाली म्हणून त्या जासईला गेल्या आहेत, पावसाळाभर तिथेच राहतील. मी फोन लावला. त्या म्हणाल्या, मी बरी हाय, एवढ्या उन्हात कशाला येतेस, लिव्ह कायपन.

जासईला जायचं म्हणजे बेलापूरहून उरणची बस, पुढे कंटेनरच्या ट्रेलरांची रांग, आणि महिनाअखेर दोन दिवसांवर आलेली. मी मावशीच्या घरी पंख्याखाली बसून फॉर्म भरला. आदल्या वर्षीचं प्रेशर समोर ठेवलं आणि त्यात दोन-चार इकडे तिकडे केले. एकशे बत्तीस, एकशे तीस, एकशे अठ्ठावीस. शुगर थोडी कमी केली, कारण गोळ्या चालू म्हणजे कमी यायला हवी. पुढे प्रश्न होता: औषध नियमित चालू आहे का? तिथे "होय"च्या चौकटीत खूण केली. ते मी फोनवर विचारलंही नव्हतं. फॉर्म भरताना काही फार वाटलं नाही, हे खरं सांगायला हवं. त्याआधी त्याच वर्षी असे तीन फॉर्म मी भरले होते आणि काही झालं नव्हतं.

मॅडमकडे एक स्टीलचा डबा होता. भरलेले फॉर्म संगणकावर चढले की त्यांच्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या त्यात पडायच्या आणि शनिवारी मॅडम त्यातल्या काही काढायच्या. ज्याचा क्रमांक निघेल त्याच्या घरी स्वतः जाऊन पुन्हा मोजायचं, फॉर्म भरणारीला सोबत घेऊन. त्यांनी स्वतः भरलेल्या फॉर्मच्या चिठ्ठ्याही त्यातच असत. ऑगस्टमध्ये हिराबायची चिठ्ठी निघाली.

मी म्हणाले, त्या आता जासईला असतात, लांब पडेल, दुसरी चिठ्ठी काढू या का? मॅडमनी पाट उचलला आणि म्हणाल्या, "मग लवकर निघू."

त्या दिवशी बसमध्ये मला सांगता आलं असतं. दीड तास त्या माझ्या शेजारी बसून होत्या. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मला वाटत होतं, तीन महिन्यांनी आकडा बदलतोच, कसं कळणार आहे? त्या आकडा जुळतो का हे पाहायला जातच नसत. घरी कोणी गेलं होतं का, एवढंच पाहायला जात. हे मला तोवर कळलं नव्हतं.

हिराबायच्या मुलीचं घर जासई गावात, मागच्या बाजूला कंटेनर यार्डाची भिंत. हिराबाय नातवाला मांडीवर घेऊन बसल्या होत्या. आम्हाला बघून खुश झाल्या, पण माझ्याकडे बघताना मान थोडी वळवून बघत होत्या. मॅडमनी ते लगेच हेरलं आणि डोळ्याला काय झालं असं विचारलं.

"डाव्या डोल्यावर जालं आलंय," हिराबाय म्हणाल्या. "मोतीबिंदू आसंल. पाऊस सरला का दाखवीन."

मॅडमनी बाळ मुलीकडे दिलं, खुर्ची भिंतीला लावली, पाट पायाखाली सरकवला आणि घड्याळ लावलं. पाच मिनिटं. यार्डात कुठेतरी कंटेनर उतरवल्याचा आवाज येत होता. मॅडम हिराबायच्या हाताकडे बघत होत्या, हिराबाय एका डोळ्याने माझ्याकडे बघून मधूनच हसत होत्या, आणि मी माझ्या मांडीवरच्या फॉर्मवर माझ्याच अक्षरात लिहिलेलं "१३०" बघत होते. आयुष्यात तेवढी लांब पाच मिनिटं मी पुन्हा काढलेली नाहीत.

दोनशे चार. एकशे अठ्ठ्याण्णव. एकशे शहाण्णव. खालचा आकडा तिन्ही वेळा एकशे दहाच्या वर. बोटातलं रक्त घेतलं, तर शुगर मशीनच्या शेवटच्या टोकाकडे गेलेली. मॅडमनी गोळ्यांचं विचारलं. शुगरच्या गोळ्या संपल्या त्याला सहा महिने झाले होते. गुडघ्याच्या दुखण्यासाठी मात्र दुकानातून आणलेल्या गोळ्या रोज दोन चालू होत्या. त्यांनीही प्रेशर चढतं, हे हिराबायला कोणी सांगितलं नव्हतं.

मग मॅडमनी अगदी साध्या आवाजात विचारलं, "ही मे महिन्यात आली होती तेव्हा गोळ्या संपल्याचं हिला सांगितलंत?"

"ही? ही नाय आली," हिराबाय म्हणाल्या. "फोन केलता हिनं. मीच बोलली, लिव्ह कायपन."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलंही नाही. मुलीला कपडे भरायला सांगितलं आणि रिक्षा आणायला मला पाठवलं.

हॉस्पिटलमध्ये हिराबायना दाखल करून घेतलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की मोतीबिंदू नाही, डोळ्यात आत रक्त उतरलं आहे, शुगर आणि प्रेशर दोन्हींमुळे. डावा फारसा परत येणार नाही, उजवा वाचवायला हवा. आम्ही दोघी बाहेर बाकावर बसलो होतो.

"किती?" मॅडम म्हणाल्या.

मी म्हणाले, एकच.

त्या म्हणाल्या, "मी हे अजून एकदाच विचारेन. किती?"

"चार."

मला रडू आलं. त्यांनी मला रडू दिलं, थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. मी म्हणाले, मी मे महिन्यात गेले असते तर त्यांचा डोळा वाचला असता. त्या म्हणाल्या, "ते कोणालाच सांगता येणार नाही. वाचला असता असंही म्हणू नकोस, वाचला नसताच असंही म्हणू नकोस. दोन्हींत तुझी सोय आहे."

दुसऱ्या दिवशी मी राजीनामा लिहून नेला. त्यांनी तो ड्रॉवरमध्ये टाकला आणि आत्ता नाही, काम झाल्यावर, असं म्हणाल्या. मला कळेना काम कुठलं. आमच्याकडे आकडेवारी बघणारे सुर्वे होते, शांत, सरळ माणूस. त्यांनी सुचवलं की चार फॉर्म काढून टाकू, हजारोंच्या अभ्यासात चाराने काही फरक पडत नाही. हिशेबाने ते बरोबरच होतं. मॅडम म्हणाल्या, चार आहेत असं ही सांगते. पाचवा नाही हे आपल्याला माहीत नाही. कदाचित हिलाही आता आठवत नसेल. त्यांनी माझे त्या वर्षाचे सगळे फॉर्म बाजूला काढले, तीनशेच्या वर होते. आणि अभ्यासाला पैसा आणि परवानगी देणाऱ्या समितीला पत्र लिहिलं की या फेरीतल्या मोजमापांत खोटे आकडे सापडले आहेत, तपास पूर्ण होईपर्यंत यातलं काहीही छापायला देणार नाही. खोटे आकडे कोणी लिहिले असं समितीने विचारलं. मॅडमनी उत्तर दिलं, "देखरेख माझी होती, फॉर्मवर शेवटची सही माझी आहे, नाव तेवढंच आहे."

समितीने अभ्यास थांबवला. बारा वर्षांचं काम. आमच्यातल्या दोघी दुसरीकडे गेल्या, सुर्वेंची बदली झाली. कोणा मोठ्या डॉक्टरांनी एका सभेत मॅडमचं नाव न घेता, गावोगाव चहा पीत फिरून संशोधन होत नाही, असा टोमणा मारल्याचं माझ्या कानावर आलं. मॅडमच्या कानावरही आलं असणार. त्या दिवशी त्या फक्त, उद्या तळवलीच्या वरच्या आळीपासून सुरुवात करू, असं म्हणाल्या.

काम म्हणजे हे होतं. माझी तीनशे घरं, पहिल्यापासून, आम्ही दोघींनी मिळून. समितीने थांबवलेलं असताना हे कशासाठी, हे मी विचारलं नाही. मशीन त्या लावायच्या, फॉर्म मी लिहायचे. प्रत्येक घरात मे-जूनमध्ये मी आले होते का, हे त्या विचारायच्या, माझ्या देखतच. बहुतेक ठिकाणी, हो, आली होती की, असं उत्तर यायचं. तरी दर वेळी ते उत्तर येईपर्यंत मी फॉर्मवर पेन टेकवत नसे. उरलेल्या तिन्ही खोट्या फॉर्मच्या घरी जाऊन मी स्वतः सांगितलं. एकाने शिव्या दिल्या. एका बाईने ऐकून घेतलं आणि दार लावलं. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्याला मी काय सांगते आहे तेच कळलं नाही, आणि ते मला सगळ्यांत जड गेलं.

हिराबाय तोवर तळवलीला परतल्या होत्या. त्यांचं घर मॅडमनी शेवटी ठेवलं होतं. दाराशी मॅडम म्हणाल्या, "तू सांगायचंस. मी शेजारी बसेन."

हिराबाय ओट्यावर बसून जवळा निवडत होत्या, ताट डोळ्यापाशी धरून. मी सांगितलं. मी न येता आकडे लिहिले, गोळ्या चालू असल्याची खूण केली, आले असते तर प्रेशर तेव्हाच कळलं असतं. हिराबायनी ताट खाली ठेवलं.

"मीच तुना बोलली व्हती ना," त्या म्हणाल्या. "लिव्ह कायपन म्हनून. मंग तुजा काय दोष?"

मला सुटल्यासारखं झालं. खोटं कशाला बोलू, त्या क्षणी मला खरंच सुटल्यासारखं झालं. आणि मॅडम माझ्या शेजारून म्हणाल्या, "नाही हिराबाय. तुम्ही काहीही म्हणाला असतात तरी हिने यायचं होतं. तेच हिचं काम होतं."

आतून कुकरची शिट्टी झाली. हिराबाय उजव्या डोळ्याने आधी मॅडमकडे आणि मग माझ्याकडे बघत राहिल्या. त्यांच्या तोंडावरची माया हळूहळू गेली आणि राग आला. तो राग मी आजवर विसरलेले नाही. त्यांना रागवायचा हक्क आहे हे कोणीतरी सांगायला हवं होतं, आणि ते मॅडमनी सांगितलं होतं.

"दोन डोले व्हते माजे," त्या म्हणाल्या. "सुई ओवाची मी."

मी मान खाली घातली. बऱ्याच वेळाने त्यांनी ताट पुन्हा मांडीवर घेतलं आणि म्हणाल्या की दर महिन्याला येऊन प्रेशर बघून जा, आणि गोळ्यांच्या पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून दाखव, मुलीला वेळ नसतो. त्या दिवशी त्यांनी मला चहा दिला नाही. मॅडमना दिला. मॅडमनी तो माझ्यासमोर दोन कप प्यायला.

तीनशे घरं पुरी झाल्यावर मॅडमनी ड्रॉवरमधून माझा राजीनामा काढला, त्यावर त्या दिवशीची तारीख घातली आणि मंजूर केला. त्यानंतर त्या स्वतःही निवृत्त झाल्या. तळवलीच्या समाजमंदिरात मंगळवारी सकाळी पाट आणि मशीन घेऊन बसायच्या, जो येईल त्याला पाच मिनिटं गप बसवायच्या. अभ्यास वगैरे काही नाही. आकडा माणसाच्याच हातात लिहून द्यायच्या.

मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नमुने घ्यायला लागले. दोन वर्षांनी नेरूळच्या एका हॉस्पिटलमध्ये मधुमेहाच्या संशोधन विभागात जागा निघाली. माझी इच्छा होती, धाडस नव्हतं. आधीच्या वरिष्ठांचं शिफारसपत्र मागितलं होतं. मी मॅडमकडे गेले. त्या म्हणाल्या, "देईन. पण खरं लिहीन. चालेल?" मी हो म्हणाले. त्यांनी तिथेच बसून हाताने लिहिलं, पाकीट बंद केलं नाही, आणि घरी जाऊन वाच, मग न्यायचं की नाही ते ठरव, असं सांगितलं.

घरी येऊन मी वाचायला लागले. माझं नाव, कामाची वर्षं, गावं. काम नीटनेटकं, अक्षर वाचता येण्यासारखं, लोकांशी बोलणं चांगलं. आणि मग पानाच्या तळाशी: "तिसऱ्या वर्षी हिने चार घरी न जाता चार फॉर्म खोटे भरले. त्यामुळे एका बाईंचं नुकसान झालं."

मी कागद घडी करून कपाटात टाकला. मला इतका राग आला होता की मी आठ महिने त्यांच्याकडे गेले नाही. त्या जागेसाठी अर्जही केला नाही. हिराबायकडे मात्र दर महिन्याला जात होते. त्यांचं प्रेशर आटोक्यात आलं होतं, उजव्या डोळ्याला लेझर झालं होतं, आणि हळूहळू मला चहाही मिळायला लागला होता. एकदा त्या म्हणाल्या, बाय विचारत व्हती तुला, मंगलवारी. मी पाकिटावरचं बारीक अक्षर वाचून दाखवत राहिले.

मग त्याच हॉस्पिटलमध्ये पुन्हा जागा निघाली. या वेळी मी अर्ज केला आणि मुलाखतीला ते पत्र घेऊन गेले. का नेलं ते नीट सांगता येत नाही. बहुतेक लपवायचा कंटाळा आला होता. मुलाखत घेणाऱ्या डॉक्टर वयाने माझ्याहून थोड्या मोठ्या होत्या. त्यांनी पत्र वाचलं, कागद उलटला, पुन्हा वाचत राहिल्या. मग चष्मा काढून म्हणाल्या, "हे तुम्ही वाचून आणलंत?"

मी हो म्हणाले.

"मागची बाजूसुद्धा?"

मागच्या बाजूला काही आहे हे मला माहीतच नव्हतं. त्यांनी कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला. मॅडमच्या त्याच बारीक, सरळ अक्षरात लिहिलं होतं:

"त्यानंतर हिच्या तीनशेहून अधिक घरांत मी हिच्यासोबत पुन्हा गेले. पाचवा खोटा फॉर्म सापडला नाही. ज्या बाईंचं नुकसान झालं त्यांच्याकडे ही दर महिन्याला जाते. मी सांगितलेलं नाही, मला त्या बाईंकडून कळलं. आपल्या हातून कधी चूक झाली नाही असं सांगणारे पुष्कळ मला या कामात भेटले. त्यांचे आकडे मी नेहमी दोनदा तपासले. हिला मी पुन्हा कामावर घेतलं असतं."

मी ते पहिल्यांदाच वाचते आहे हे डॉक्टरांना माझ्या तोंडाकडे बघून कळलं असावं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला आणि मला सावरायला वेळ दिला. नोकरी मिळाल्याचं तिथेच सांगितलं.

बाहेर येऊन जिन्यातच उभं राहून मी फोन लावला. दुपार होती, त्या झोपल्या असतील असं वाटलं होतं, पण लगेच उचलला.

"मॅडम, पत्राचं मागचं पान आज मुलाखतीत वाचलं," मी म्हणाले.

"आठ महिन्यांनी?"

"हो."

"बरं," त्या म्हणाल्या. "रुजू कधी व्हायचंय?"